पाठीवरचे पंधरा लिटर

मलकापूर मागे टाकून गाडी नागपूरच्या दिशेने निघाली की नांदुऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन दिसते. पावसाळा सरता सरता या पट्ट्यात कोणत्याही वावराकडे पाहा, पऱ्हाटीच्या तासांमधून एखादा माणूस पाठीला पंप बांधून चाललेला असतोच. एका हातात नळी, दुसऱ्या हाताने दांडा वरखाली. हे दृश्य आता इतकं अंगवळणी पडलंय की कापूस आणि फवारणी ही जोडी पूर्वापार चालत आली असावी असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात वऱ्हाडातल्या कापसाच्या इतिहासात हा पंप फार उशिरा आला.

रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ साली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि इथल्या गाठी थेट मुंबईच्या गोदीत जाऊ लागल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने भाव चढवले होते, व्यापाऱ्यांची दुकानं थाटली गेली होती, जिनिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. पण पिकावर औषध म्हणून कुणी काही मारत नव्हतं. जरीसारखा देशी कापूस काटक होता. त्याचा धागा आखूड, पण मावा-तुडतुड्यांना तो सहसा दाद देत नसे. बोंडअळी लागायची, नाही असं नाही. तिच्यावर उपाय म्हणजे हंगाम संपला की पऱ्हाट्या उपटून चुलीत घालायच्या, किडकी बोंडं वेगळी काढायची आणि उरलेल्या नुकसानाकडे नशीब म्हणून पाहायचं.

पाठीवरचा पंप जन्मला तो कापसासाठी नव्हे, द्राक्षासाठी. फ्रान्समधल्या बोर्दो परिसरात द्राक्षबागांवर केवड्याने कहर केला होता. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण त्यावर चालतं हे दाखवून दिलं. औषध सापडलं, पण ते पानाला लावायचं कसं? सुरुवातीला लोक केरसुणी बादलीत बुडवून वेलींवर शिंपडत असत. व्हिलफ्रान्श गावातल्या व्हिक्तर व्हेर्मोरेल या कारखानदाराने तांब्याची टाकी, तिच्या आत पंप, कडेला दांडा, पुढे नळी आणि टोकाला नोझल अशी रचना बाजारात आणली. ‘एक्लेअर’ म्हणजे वीज, असं त्या पंपाचं नाव. आज नांदुऱ्याच्या कृषी केंद्रात टांगलेला हातपंप त्या एक्लेअरशेजारी ठेवला तर तांब्याच्या जागी प्लास्टिक आलंय, बाकी मांडणी तीच आहे. टाकी पाठीला, दांडा कडेला, नळी पुढे. जवळजवळ एकशे चाळीस वर्षांत माणसाच्या अंगावरची जागा बदलली नाही, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे हातपंप आधी आला तो घरात, तोही डास-ढेकणांसाठी. अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९२३ मध्ये ‘फ्लिट’ नावाचं औषध काढलं आणि त्यासोबत पत्र्याची पिचकारी विकली. मागे दट्ट्या, पुढे औषधाचा डबा. दट्ट्या ढकलला की हवेचा झोत डब्यातल्या बारीक नळीच्या तोंडावरून जातो, औषध वर ओढलं जातं आणि तुषार होऊन उडतं. शहरांत ‘फ्लिट मारणं’ हा शब्दप्रयोग रुळला तो तेव्हापासून. पण ही पिचकारी खोलीपुरती. एकरभर पिकाला तिचा उपयोग शून्य.

गावोगाव पंप पोहोचवला तो हिवतापाने. केंद्र सरकारची राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना १९५३ मध्ये सुरू झाली. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा त्या वेळचा अंदाज. हत्यार होतं डीडीटी आणि ते भिंतीवर बसवायला स्टिरप पंप. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर आगीचे बॉम्ब पडत, तेव्हा घराघरातल्या आगी विझवायला हाच पंप वापरला गेला होता. बादलीत उभा करायचा, खालच्या रिकिबीत पाय रोवायचा आणि दांडा उपसायचा. एकट्याने काम होत नसे. एक जण उपसणारा, दुसरा लांब नळी घेऊन भिंतीवर मारणारा.

या कामाला जी शिस्त होती ती नंतर शेतात कधी आली नाही. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर धरायचं, पट्टा वरून खाली मारायचा, पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढवायचा. हिशेब असा की चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी बसावी. तुषार पंख्यासारखा चपटा पडेल असंच नोझल, कारण भिंत सपाट. घरातली बाजेपासून धान्याच्या कोठीपर्यंतची प्रत्येक वस्तू अंगणात आणायची, भिंतींवर पांढरा थर बसायचा आणि जाताना मलेरियावाले दारावर तारीख टाकून जायचे. घरधनीण मात्र सणाआधी भिंत शेणामातीने पोतारायची आणि थर झाकून जायचा. तरीही १९६० च्या दशकाच्या मध्याला देशातली रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. ती पुढे पुन्हा वाढली, पण एक गोष्ट गावाने डोळ्यांनी पाहिली होती. पांढरं पाणी उडवलं की डास-किडे मरतात, आणि उडवणाऱ्या माणसाला काही होत नाही. डीडीटीपुरतं दुसरं निरीक्षण त्या वेळी तरी खरं भासत होतं. पुढे जी औषधं आली त्यांच्याबाबतीत ते जीवघेणं ठरलं.

शेतात आधी धुरळणी आली. छातीशी बांधलेला डबा, कडेला हँडल, ते फिरवलं की पंखा फिरतो आणि बीएचसी या कीटकनाशकाची दहा टक्के पावडर बाहेर पडते. पाणी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. कोरडवाहू मुलखात, त्यातही खारपाणपट्ट्यात, फवारणीला चांगलं पाणी आणणं हेच अर्धं काम असतं. पण पावडर वाऱ्यावर जाते, पानाच्या खालच्या बाजूला बसत नाही आणि तुडतुडे, मावा नेमके तिथेच असतात.

मग १९७० आलं. सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. त्याच्या आगेमागे वऱ्हाडात देशी जात मागे पडून अमेरिकन वंशाचा कापूस वाढत होता. १९७२ मध्ये राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, भावाची थोडीबहुत हमी आली आणि शेतकरी पिकावर खर्च करायला धजावला. पुढे नांदेडच्या संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ कोरडवाहूतही पसरला. हा कापूस पिकायचा भरपूर, पण पानं लुसलुशीत आणि कीड हमखास. आता पाठीवरच्या पंपाशिवाय भागणार नव्हतं.

हे पंप मुंबईत तयार होत होते. मालाडच्या अमेरिकन स्प्रिंग अँड प्रेसिंग वर्क्सचा ‘अ‍ॅस्पी’ हा छाप वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्या तोंडी असतो. लल्लूभाई पटेलांनी उभारलेल्या या कारखान्याने भारतीय शेतकऱ्याला भारतीय बनावटीचा पंप दिला आणि हे योगदान लहान नाही. पितळी टाकी, पितळी पंप. जड, पण दुरुस्त होणारा. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यावर पंचायत समितीमार्फत अनुदानावर पंप मिळू लागले. गावात दोन-चार घरांत पंप असे आणि तो पायलीसारखा मागून नेला जाई.

त्या पंपाच्या आत काय होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. दांडा खाली दाबला की दट्ट्या औषध एका बंद भांड्यात ढकलतो. या भांड्यात वर हवा अडकलेली असते. पाणी आत आलं की हवा दाबली जाते, आणि दांडा वर जात असतानाही तीच हवा पाण्याला बाहेर रेटत राहते. त्यामुळे तुषार ठेचकाळत येत नाही, अखंड येतो. फ्लिटची पिचकारी आणि शेतातला पंप यांच्यातला खरा फरक या हवेच्या कप्प्याचा. मिनिटाला पंधरा-वीस वेळा दांडा मारला की दाब टिकतो.

सगळा खेळ दट्ट्यावरच्या वॉशरवर. जुन्या पंपात ते चामड्याचं, वाटीच्या आकाराचं असे. उन्हाळाभर पंप माळ्यावर पडला की चामडं वाळून आक्रसायचं. मृगाच्या आधी पंप खाली काढायचा, वॉशर काढून रात्रभर गोड्या तेलात भिजत घालायचं आणि सकाळी बोटाने कडा पसरून बसवायचं, ही ठरलेली रीत. ज्याने आळस केला त्याचा दांडा सैल पडायचा. औषध पुढे जायच्याऐवजी दट्ट्याच्या मागून झिरपायचं, टाकीच्या बुडातून पाठीवर, पाठीवरून धोतरात. पुढे वॉशर नायट्राइल रबराचं आणि प्लास्टिकचं झालं, टाकी पॉलिथिनची झाली, वजन निम्म्याहून उतरलं. ही फार मोठी सुधारणा. पण झाकणाची फिरकी एकदा वाकडी बसली की प्रत्येक पावलाला घोटभर औषध हिंदकळून मानेमागे सांडतं, हे दुखणं नव्या टाकीतही राहिलं.

दुसरी जागा नोझलची. कापसाला पोकळ शंकूचा तुषार लागतो, म्हणजे औषध पानांच्या गर्दीत फिरत आत शिरतं आणि पानाची खालची बाजूही भिजते. त्यासाठी नोझलमध्ये एक चकती असते, तिच्या तिरक्या खाचांतून पाणी गरगरत येतं आणि पुढच्या सुईएवढ्या भोकातून फाकतं. विहिरीच्या पाण्यातली माती किंवा नीट न विरघळलेली पावडर त्या भोकात अडकते. वावरात त्याचा इलाज म्हणजे बाभळीचा काटा. काट्याने पितळी भोक मोकळं होतं, आणि दर वेळी केसभर मोठंही होतं. दोन हंगामांत तुषाराची धार होते, औषध जास्त जातं आणि पानावर टिकण्याऐवजी ओघळून मातीत उतरतं. ज्याच्याजवळ काटा नसे तो नोझल काढून तोंडाने फुंकत असे. कितीतरी विषबाधा या एका फुंकरीतून झाल्या असतील. टाकीच्या तोंडाशी, मुठीत आणि नोझलमागे अशी तीन ठिकाणी चांगली जाळी दिली तर फुंकर मारायची वेळच येत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ३९०६ या दांड्याच्या पंपाच्या मानकात गाळणीचा विचार आहे. पण टाकीच्या तोंडाची जाळी औषध ओतताना आड येते म्हणून शेतकरी ती पहिल्याच दिवशी काढून ठेवतो. ओतायचं तोंड अरुंद आणि जाळी उथळ ठेवणाऱ्याने ही गोष्ट वावरात उभं राहून कधी पाहिली नसावी.

आता श्रमाचा हिशेब मांडतो. हेक्टरला पाचशे लिटर पाणी धरलं तर एकराला दोनशे लिटर. पंधरा लिटरचा पंप तेरा-चौदा वेळा भरायचा. तासांतलं अंतर तीन फूट धरलं तर एका एकरात साडेचार किलोमीटर चाल, तीही चिखलात, पाठीवर टाकीसह वीसेक किलो घेऊन, दांडा तीन हजारांहून अधिक वेळा मारत. पाणी डोक्यावरून वाहून आणायचं काम बहुधा घरातल्या बाईचं किंवा मजूर बाईचं. पिंपात औषध कालवणारा हातही अनेकदा तिचाच. तिच्या पाठीला पंप नसतो म्हणून फवारणीच्या कुठल्या मोजणीत ती येत नाही.

या सगळ्यातून पंप हेच माप होऊन बसलं. कृषी केंद्राच्या काउंटरवर विचारतात, “पंपाला किती टाकू?” उत्तर मिळतं, “तीस मिली.” बाटलीवरचं पत्रक हेक्टरी मात्रा सांगतं, पण शेतकरी पंपाला किती हेच लक्षात ठेवतो आणि मोजतो बाटलीच्या झाकणाने. पंप एकाच मापाचे होते तोवर हा व्यवहार चालून गेला. पुढे पंप सोळा लिटरचा झाला, वीसचा झाला, माप मात्र तोंडी तेच राहिलं.

औषधंही बदलत होती. केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या गव्हाच्या पिठातून शंभरावर माणसं दगावली. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली आणि त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्याच्या संरक्षक कपड्यांचा उल्लेख आहे. हातमोजे, मुखवटा, बूट, अंगभर कपडा. भाद्रपदातल्या उन्हात, कोंदट पऱ्हाटीत हा पोशाख घालून कुणी एक पंपसुद्धा मारू शकत नाही. नियम लिहिला गेला आणि जबाबदारी फवारणाऱ्याच्या अंगावर टाकून सगळे मोकळे झाले. पंपच असा करावा की औषध अंगापर्यंत कमी यावं, हा विचार त्या नियमापेक्षा अधिक कामाचा होता.

१९८० च्या सुमारास सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट ही नवी कीटकनाशकं आली. पहिली काही वर्षं जादू झाली. मग अळीने दाद देणं सोडलं. १९८७ मध्ये आंध्रातल्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात अमेरिकन बोंडअळीने कापूस खाल्ला आणि नव्वदच्या दशकात तेच विदर्भात अनुभवाला आलं. लागवडीच्या जेमतेम पाच टक्के क्षेत्रावरचा कापूस देशातली जवळपास निम्मी कीटकनाशकं पीत होता. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या आणि पंपाला थोडा विसावा मिळाला. तो टिकला नाही. रसशोषक किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि केशव क्रांती व ग्लेन स्टोन या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार हेक्टरी कीटकनाशकाचा खर्च बीटीच्या आधीपेक्षाही वर गेला.

या काळात मजूर मिळेना, म्हणून बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप आले. खांद्याचं दुखणं गेलं. दांडा मारायचा नाही, बटण दाबायचं. आरामाची ही सुधारणा खरीच होती आणि तिला नावं ठेवणं म्हणजे वीस वर्षं दांडा मारलेल्या माणसाची थट्टा करणं. पण तुषाराचं गणित बदललं. थेंबाचा व्यास निम्मा केला की एका थेंबाचे आठ होतात, तेवढ्याच औषधात जास्त पान झाकलं जातं. मात्र दोनशे मायक्रॉनचा थेंब डोक्याच्या उंचीवरून दोन-तीन सेकंदांत खाली येतो आणि वीस मायक्रॉनचा दोन मिनिटं हवेत तरंगतो. त्या दोन मिनिटांत फवारणारा त्याच्यातून चालत जातो. शिवाय पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून पंपामागे मात्रा तिप्पट करा असा सल्ला कृषी पत्रकांतून दिला जातो. शास्त्र म्हणून तो बरोबर, एकरी औषध तेवढंच पडतं. पण श्वासात जाणारा प्रत्येक थेंब तिप्पट तीव्र होतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात हे सगळं एकत्र आलं. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली, दमट हवा, वारा पडलेला, दोन-तीन औषधांची मिसळ आणि धुक्यासारखा तुषार सोडणारे पंप. वीसहून अधिक माणसं त्या एका जिल्ह्यात गेली, आठशेच्या वर रुग्णालयात दाखल झाली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण ही नावं घराघरात पोहोचली. अमरावती विभागात, म्हणजे बुलढाण्यातही, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. चर्चा औषधांभोवती फिरली, ती फिरायलाच हवी होती. बाहेरून आयात केलेल्या स्वस्त पंपांवरही बोट ठेवलं गेलं. पण दांड्याचा पंप असता तरी छातीच्या उंचीच्या पिकात नळी समोर धरून चालणारा माणूस स्वतःच्याच तुषारात शिरतो. नळी समोर धरायला लावणारी मांडणी व्हेर्मोरेलची, आणि ती गुडघ्या-कमरेएवढ्या वेलींसाठी होती.

पर्याय लोकांनी शोधले आहेत. गुजरातेत अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी सायकलवर पंप बसवला. आपल्याकडेही चाकावरचे पंप वावरात दिसतात, त्यात नोझल लावलेला आडवा दांडा, म्हणजे बूम, मागे राहतो आणि माणूस पुढे. कोवळ्या पिकात कापसाच्या खोडालाच ब्रशने औषध लावायची पद्धतही संशोधन केंद्रांनी सांगितली, तिथे हवेत काहीच उडत नाही. दाब ठरावीक पातळीवर रोखणारी झडप नळीच्या मुठीत बसवली तर अतिबारीक थेंब होत नाहीत. तिला खर्च फार नाही. तरी अनुदानाच्या यादीत पंपाची क्षमता लिटरमध्ये आणि बॅटरी अँपिअर-तासांमध्ये लिहिलेली असते, थेंबाचा आकार लिहिलेला नसतो.

आता ड्रोन आलेत. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केलं. ड्रोन एकराला दहा लिटरच्या आसपास पाणी वापरतो, म्हणजे दोनशे लिटरमध्ये जायचं औषध दहा लिटरमध्ये. फवारणारा पहिल्यांदाच तुषाराबाहेर, बांधावर उभा आहे. त्या दहा लिटरच्या टाकीत वीसपट तीव्र औषध कालवून ओतणारी बाईही त्याच बांधावर आहे. टाकीचं तोंड आणि झाकण कसं असावं, हा प्रश्न आता तिच्या हातांसाठी सोडवायचा आहे.